परत येण्याची जागा



पावसाळ्यात पन्हाळ्यावर धुके दाटले की मुले घरात अडकतात. आमच्याकडे मग पुतण्या आणि त्याचे मित्र मोबाइल घेऊन बसतात. खेळाचे नाव माइनक्राफ्ट. एकाच जगात अनेकांनी घरे बांधायची, अन्न मिळवायचे, तगून राहायचे. आणि मेलो तर? "काही नाही काका, बेडपाशी परत येतो," पुतण्या म्हणाला. या जागेला मुले रिस्पॉन पॉइंट म्हणतात. मरण इतके स्वस्त, म्हणून मी आधी रागावलो होतो. शेजारी बसून पाहिले तेव्हा त्यातले शहाणपणही दिसले.

लांब जाण्याआधी बेडवर झोपून घ्यायचे, म्हणजे परतण्याची जागा ठरते. बेड बंद खोलीत हवा. कोणी तो मोडला तर खेळाडू घरापासून कुठल्या कुठे, त्या जगाच्या आरंभस्थानी जाऊन पडतो. मेल्यावर अंगावरचे सामान तिथेच सांडते आणि पाच मिनिटांत नाहीसे होऊ शकते. म्हणून कच्ची मुले रिकाम्या हातांनी तिकडेच धावतात आणि पुन्हा मरतात. जाणता खेळाडू बेडशेजारच्या पेटीत जादा हत्यार, चिलखत आणि पाव ठेवून जातो. परत आला की आधी खातो, मग निघतो.

एके दिवशी पुतण्या रडकुंडीला आला. दुसरा एक खेळाडू त्याच्या बेडपाशीच उभा राहिला होता. हा उठला की तो मारी, पुन्हा उठला की पुन्हा मारी. "नियमात बसतं ते," मित्र म्हणाला. बसत असेल. पण नियमात बसते ते योग्य असते का?

कोणी म्हणेल, युद्धात असेच चालते. 1660 साली सिद्दी जौहरने याच गडाला वेढा घालून महिनोन् महिने वाट अडवली होती. महाराजांनी परतण्याची दुसरी जागा हेरली, विशाळगड. 12 जुलैच्या रात्री भर पावसात ते निघाले. पण तिथवर पोचण्याची किंमत शिवा काशीद आणि बाजीप्रभू देशपांडे यांनी भरली, आणि ते दोघे कुठल्याही बेडपाशी परत उठले नाहीत. हे मी मुलांना मुद्दाम सांगितले. जौहरला मी दोष देत नाही. त्याच्यासमोर तटाआड सशस्त्र राजा होता. बेडपाशी उठणारा मात्र रिकाम्या हातांचा असतो. फरक इथे आहे.

पन्हाळ्याने दुसरेही एक परतणे पाहिले आहे. डिसेंबर 1678 मध्ये संभाजीराजे मोगल सरदार दिलेरखानाला जाऊन मिळाले. साधारण वर्षभराने तिथून निसटून ते पन्हाळ्यावर आले. 1680 च्या आरंभी बापलेकांची भेट इथेच झाली. त्याच वर्षी 3 एप्रिलला महाराज गेले. चूक लहान नव्हती, पण परत येणाऱ्याला गडाचा दरवाजा बंद मिळाला नाही.

उधळ्या पुत्राच्या दाखल्यात आपण बापाविषयी पुष्कळ बोलतो. मला थोरला भाऊ जास्त ओळखीचा वाटतो. तो नियमाने वागलेला आहे, आणि अंगणात उभा राहून आत यायला तयार नाही.

माझा धाकटा भाऊ मुंबईत धंद्यात बुडून घरी आला, तेव्हा मी असाच उभा होतो. मी बोललो त्यात खोटे काही नव्हते. पैसे त्यानेच घालवले होते, आईचे दागिने त्यानेच मोडले होते. पण तो सकाळी चहाला बसला की मी विषय काढी, रात्री जेवायला बसला की पुन्हा काढी. सतराव्या दिवशी तो निघून गेला. त्याची खाट मी माळ्यावर टाकली. आता तो नाताळला येतो तेव्हा बहिणीकडे उतरतो.

मुलांनी पुढे आपसांत ठरवले: बेडपाशी कोणी कोणाला मारायचे नाही, उठलेल्याला पेटी उघडू द्यायची. मोठ्या माणसाने सांगितलेले नव्हते.

गेल्या आठवड्यात मी भावाला फोन केला. जेवायला येतो म्हणाला, मुक्कामाचे काही बोलला नाही. खाट खाली काढली आहे. एक पाय डगमगतो, तो सुताराला दाखवायचा आहे.