घसरलेल्याची साक्ष

आमच्या ओळखीच्या एका मंडळीत एका माणसाने नाताळच्या दिवसांत उभं राहून साक्ष दिली होती. प्रभूने माझी दारू सोडवली, असं तो म्हणाला आणि मंडळीने मोठ्याने ‘आमेन’ म्हटलं. पुढे पावसाळ्यात तो पुन्हा प्यायला लागला आणि उपासनेला येईनासा झाला. त्याचा विषय निघाला तेव्हा मंडळीतले एक वडील म्हणाले, “त्याचा विश्वासच खरा नव्हता. खरा असता तर असं झालंच नसतं.” आजूबाजूच्यांनी माना डोलावल्या. ते वाक्य काही केल्या माझ्या मनातून जात नाही.

दारू घराची काय दशा करते हे मी सांगायला नको. श्रद्धेने दारू सुटली म्हणजे एक व्यसन गेलं आणि दुसरं आलं, असं म्हणणारेही पुष्कळ आहेत. ज्या बाईच्या हातात नवऱ्याचा पगार पहिल्यांदाच पुरता पडला, तिला या दोन ‘व्यसनां’तला फरक विचारावा. माझं भांडण त्या लोकांशी नाही. ते आमच्यातल्याच, बायबल हातात धरणाऱ्या त्या वडिलांशी आहे. आणि हा लेख लिहायला बसलो तेव्हा माझं मत असं होतं की दारू सुटल्याच्या साक्षी व्यासपीठावरून बंदच कराव्यात. माणसाला उंचावर उभं करायचं आणि पडला की खोटा ठरवायचं, त्यापेक्षा त्याने गप्प राहिलेलं बरं.

शपथ आणि कबुली यांत मी फार मोठा फरक मानतो. दारुड्याच्या घरात शपथांना तोटा नसतो. मुलाच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली, देवापुढे घेतलेली, आईच्या आजारपणात घेतलेली. शपथ उद्याबद्दल बोलते आणि माणसाच्या स्वतःच्या ताकदीवर उभी असते. ती मोडली की दारूच्या जोडीला शरम येते आणि शरम बुडवायला पुन्हा दारू लागते. कबुली आजबद्दल बोलते: माझ्याच्याने होत नाही. तिला ऐकणारं कुणीतरी समोर लागतं.

चर्चने शपथेचा मार्ग मोठ्या प्रमाणावर चालून पाहिलेला आहे. आयर्लंडमध्ये फादर थिओबाल्ड मॅथ्यू यांनी 1838 मध्ये कॉर्क शहरात दारू न पिण्याची शपथ द्यायला सुरुवात केली आणि काही वर्षांत लाखो लोकांनी ती घेतली. मग दुष्काळ आला, माणसं मेली, परागंदा झाली. 1856 मध्ये फादर मॅथ्यू वारले त्याच्या आधीच त्या लाटेचा जोर ओसरला होता. त्यांच्या तळमळीबद्दल मला शंका नाही. पण शपथ मोडलेल्या माणसासाठी त्या व्यवस्थेत पुरेशी जागा नव्हती.

आता अमेरिकेतल्या ॲक्रन गावच्या डॉक्टर बॉब स्मिथ यांच्याकडे बघा. ते शल्यविशारद होते आणि दारूपायी धंदा बुडत चालला होता. ते ऑक्सफर्ड ग्रुपच्या बैठकांना जात. ही ल्यूथरन पाळक फ्रँक बुकमन यांनी सुरू केलेली ख्रिस्ती चळवळ. पापाची कबुली, प्रार्थना आणि केलेल्या चुकांची भरपाई यांवर तिचा भर. डॉक्टर बॉब सुमारे अडीच वर्षं तिथे जात होते, बायबल वाचत होते, प्रार्थना करत होते आणि पीतही होते. 12 मे 1935 रोजी न्यूयॉर्कहून आलेला बिल विल्सन त्यांना भेटला. काही महिन्यांपूर्वीच त्याची दारू सुटली होती आणि पुन्हा प्यायची तल्लफ आली म्हणून तो त्या परक्या गावात दुसरा एखादा दारुडा शोधत होता. त्याने चर्चच्या यादीवरून एका पाळकाला फोन केला आणि तिथून धागा डॉक्टर बॉबपर्यंत पोचला. पंधरा मिनिटांपेक्षा जास्त बसणार नाही असं ठरवून आलेले डॉक्टर काही तास बोलत बसले.

एवढ्यावर गोष्ट संपली असती तर ती आपल्या साक्षींसारखीच झाली असती. पण काही आठवड्यांनी डॉक्टर बॉब वैद्यकीय परिषदेसाठी अटलांटिक सिटीला गेले आणि जाता जाताच प्यायला लागले. परत आले ते पार कोलमडून. त्यांना एक शस्त्रक्रिया करायची होती आणि हात थरथरत होते. त्या सकाळी बिलने स्वतः त्यांना बिअरची बाटली दिली, हात स्थिर राहावा म्हणून. ती त्यांची शेवटची दारू. शस्त्रक्रिया आटोपल्यावर ते घरी न जाता गावभर फिरले आणि ज्यांचं नुकसान केलं होतं त्यांना भेटून आले. अल्कोहोलिक्स अनॉनिमस ही संघटना 10 जून 1935 हा आपला स्थापनादिन मानते तो याच शेवटच्या घोटावरून. म्हणजे जगभर पसरलेल्या या चळवळीची कालगणना एका घसरलेल्या माणसापासून सुरू होते.

ॲक्रनमध्ये त्या दिवशी मंडळीतले ते वडील असते तर? अडीच वर्षं प्रार्थना करून पिणारा, सावरून पुन्हा पडलेला. त्याचा विश्वास खरा नव्हता, असंच ते म्हणाले असते. पुढे पंधरा वर्षं, 1950 मध्ये मरेपर्यंत, डॉक्टर बॉब प्यायले नाहीत. ॲक्रनच्या सेंट थॉमस रुग्णालयात सिस्टर इग्नेशिया या कॅथलिक नन त्यांच्याबरोबर होत्या आणि त्या दोघांनी हजारो दारुड्यांची सेवा केली. तरीही तल्लफ लगेच गेली नव्हती. सुटल्यानंतरची अडीच वर्षं ती जवळजवळ कायम होती, असं त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे.

वडील म्हणतील, ख्रिस्तात माणूस नवा होतो, जुनं होऊन जातं. मीही हे मानतो. पण हे लिहिणाऱ्या पौलानेच रोमकरांस पत्राच्या सातव्या अध्यायात लिहिलं आहे की मला जे करायचं असतं ते माझ्या हातून होत नाही आणि ज्याचा द्वेष करतो तेच होतं. त्याचा विश्वास खोटा होता का? आणि पेत्र? सगळ्यांनी सोडलं तरी मी सोडणार नाही, असं तो येशूला क्रूसावर दिलं त्याच्या आदल्या रात्री छातीठोकपणे म्हणाला होता. उजाडायच्या आत त्याच तोंडाने त्याने, तेही शपथ घेऊन, येशूला नाकारलं. नंतर सरोवराच्या काठी येशू त्याला भेटला तेव्हा त्याच्याकडून नवी शपथ घेतली नाही. प्रेम करतोस का, एवढंच तीनदा विचारलं आणि कळप त्याच्या हवाली केला. शपथ मुळीच वाहू नका असं डोंगरावरच्या प्रवचनात सांगणाऱ्या गुरूने दुसरं काय केलं असतं?

इथे थोडं वळण घेतो, कारण ही गोष्ट मला फार प्रिय आहे. दारू सोडलेल्या माणसाला प्रभुभोजनाचा प्यालाही घाबरवू शकतो. 1869 मध्ये न्यू जर्सीतले मेथॉडिस्ट दंतवैद्य थॉमस वेल्च यांनी द्राक्षांचा रस तापवून तो आंबू न देण्याची युक्ती काढली, ती याच मेजासाठी. कॅथलिक चर्चला वाइनच लागते. तरी दारूच्या आजारातून उठलेल्या धर्मगुरूला बिशपच्या परवानगीने जेमतेम आंबलेला रस वापरता येतो. एका दुबळ्या माणसासाठी एवढ्या पवित्र विधीत चर्चने वाट काढली. मग बाकांवर त्याच्यासाठी वाट का निघू नये?

वडिलांच्या वाक्यात दुसराही धोका आहे: खरा विश्वास असला की पुरे, डॉक्टर नको, असं त्यातून वाटतं. बरीच वर्षं भरपूर पिणाऱ्याने दारू एकाएकी तोडली तर दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. अशा माणसाच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करावी, पण त्याला एकट्याला घरी पाठवू नये. बिल विल्सनला खोलीभर प्रकाश दिसला, देव भेटला, तो न्यूयॉर्कच्या टाउन्स हॉस्पिटलमध्ये, डॉक्टरांच्या देखरेखीखाली असताना. म्हणून तो अनुभव खोटा ठरत नाही. आपल्याकडे फादर जोसेफ परेरा हे स्वतः दारूच्या तावडीत सापडलेले धर्मगुरू. अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या (ए.ए.) मदतीने ते सावरले आणि 1981 मध्ये त्यांनी मुंबईत, वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमध्ये कृपा फाउंडेशन सुरू केलं. ते बी. के. एस. अय्यंगारांचे शिष्य, ए.ए.च्या बारा पायऱ्यांच्या कार्यक्रमाच्या जोडीला तिथे योगासनंही आली. आपल्या धर्मगुरूपणाला लोक काय म्हणतील म्हणून ते आपला आजार लपवत बसले असते तर कित्येक घरांना तो दरवाजा मिळालाच नसता.

आणि इथेच माझं मत फिरलं. साक्षी बंद करणं म्हणजे कबुली बंद करणं. डॉक्टर बॉबला आयुष्यभर मिळालेल्या उपदेशाने जे झालं नाही ते दुसऱ्या दारुड्याच्या बोलण्याने झालं. तेव्हा साक्ष हवीच. फक्त ती शपथेसारखी मागू नका. सुटली का, असं विचारू नका; आज कसा आहेस, असं विचारा. आणि जो परवा घसरला त्याला सगळ्यांच्या आधी बोलू द्या.

पाळकांना आणि मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना माझी विनंती आहे. आठवड्यातली एक संध्याकाळ चर्चचा हॉल अशा माणसांच्या बैठकीसाठी मोकळा ठेवा, कुठल्याही धर्माचा असो, येऊ द्या. जवळच्या व्यसनमुक्ती केंद्राचा आणि डॉक्टरांचा नंबर आतून दारावर लावा. आणि कुणी उपासनेला यायचा थांबला, तर त्याच आठवड्यात, दारू सोडलेल्या एखाद्या भावाला सोबत घेऊन, त्याच्या घरी जा.