जीर्णोद्धार आणि खरेपणा

मोडकळीस आलेलें देऊळ पुन्हा उभें करणें हें नवें देऊळ बांधण्याहून अधिक पुण्यकारक, अशी आपल्याकडे जुनी समजूत आहे. या समजुतींत एक अवघड प्रश्न दडलेला आहे. जिचे दगड बदलले, तुळया बदलल्या, कळस नवा चढला, ती वास्तु जुनीच राहिली असें कोणत्या अर्थानें म्हणावयाचें? देवळाच्या बाबतींत हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. कारण आंत मूर्ति असते, आणि भक्ताचें लक्ष तिच्याकडे असतें. परंतु जिच्या गाभाऱ्यांत मूर्ति नाहीं अशा एखाद्या वस्तूचा जीर्णोद्धार करावयास निघालें म्हणजे हा प्रश्न टाळतां येत नाहीं. अमेरिकेंतील जुनी लाकडी 'स्टेशन वॅगन' ही अशी एक वस्तु आहे.

तिचा जन्म अगदीं साधा. रेल्वेनें उतरलेलीं माणसें व त्यांच्या पेट्या घरीं किंवा हॉटेलांत पोंचविण्याकरितां मोटारीच्या सांगाड्यावर लाकडी पेटारा बसवून घेत. त्यावरून तिला हें नांव मिळालें. 1929 सालीं फोर्ड कंपनीनें आपल्या 'मॉडेल ए' मोटारीची अशी गाडी स्वतःच विक्रीस काढली. चार सिलिंडरांचें, 40 अश्वशक्तीचें एंजिन. बाजूंना कांचांऐवजी पडदे. आणि मेपल, बर्च अशा लाकडाची बांधणी. हें लाकूड शोभेचें नव्हतें. गाडीची सारी काया त्याच्याच चौकटीवर उभी होती. पावसानें तें फुगे, उन्हानें आकसे, सांधे कुरकुरूं लागत. म्हणून मालकाला तें वरचेवर घासून वार्निश द्यावें लागे. ही गाडी नुसती वापरून भागत नसे. जनावरासारखी पाळावी लागे.

पुढें 1946 सालीं विलिज कंपनीनें सर्वस्वीं पोलादी स्टेशन वॅगन आणली, आणि 1953 च्या ब्यूइक गाडीबरोबर खऱ्या लाकडाच्या बांधणीचा काळ संपला. परंतु गंमत अशी, कीं लाकूड गेलें तरी लाकडाचें चित्र राहिलें. फोर्डच्या 'कंट्री स्क्वायर' या कुटुंबवत्सल गाडीच्या पोलादी अंगावर लाकडाची नक्कल 1991 सालापर्यंत मिरवत होती. लोकांस लाकडाची मेहनत नको होती. त्याची आठवण मात्र हवी होती.

आतां अशी एखादी 1929 ची गाडी गोठ्यांत सांपडली असें समजूं. दारांच्या खांबांचे तळ, जेथें पाणी सांचतें, तेथें कुजलेले असावयाचे. तेथें नवें लाकूड घालावें लागतें, आणि त्याचा आकार बहुधा कुजलेल्या तुकड्यावरूनच घ्यावा लागतो. म्हणून काम पुरें होईपर्यंत तो कुजका तुकडाहि जपावा लागतो. एंजिनाच्या बेअरिंगांत पांढरा धातु पुन्हा वितळवून ओतावा लागतो. असें करतां करतां शेवटीं जुनें काय उरतें?

या प्रश्नाचा विचार पूर्वींच झाला आहे. 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथांत नागसेन भिक्षु मिलिंद राजास विचारतो, कीं तूं ज्या रथांतून आलास तो रथ म्हणजे आंस, कीं चाकें, कीं जूं? सुटे भाग म्हणजे रथ नव्हे. रथ हें भागांच्या आश्रयानें दिलेलें व्यवहारांतलें नांव. इकडे प्लुटार्कनें थीसियसच्या गलबताची हकीकत दिली आहे: अथेन्सच्या लोकांनीं कुजलेल्या फळ्यांच्या जागीं नव्या बसविल्या, आणि तें तेंच गलबत कीं दुसरें, यावर तत्त्वज्ञांत मतभेद झाले. सतराव्या शतकांत हॉब्जनें त्यांत भर घातली: काढलेल्या फळ्या कोणी जपून पुन्हा तशाच जोडल्या तर खरें गलबत कोणतें? मोटारींच्या बाजारांत हा प्रश्न केवळ कल्पनेंतला राहत नाहीं. सांगाडा एकाकडे व लाकूड दुसऱ्याकडे गेलें, तर दोघेहि अस्सलपणाचा दावा सांगूं शकतात. आणि अस्सलपणास तेथें किंमत येते.

मला वाटतें, नागसेनाचें उत्तर पत्करलें तरी आपली सुटका होत नाहीं. गाडी हें नांव व्यवहारांतलें असेल. पण व्यवहार म्हटला कीं खरें बोलण्याचें बंधन आलें. फळी बदलणें ही लबाडी नव्हे. बदललेली फळी जुनी म्हणून खपविणें ही लबाडी. म्हणून गाडीबरोबर एक वही असावी, आणि काय राहिलें, काय गेलें, केव्हां गेलें, हें तींत लिहिलेलें असावें.

दुसरा प्रश्न उपभोगाचा. कित्येक जण अशी गाडी निर्दोष करून झांकून ठेवतात. पावसाचा थेंब तिच्यावर पडूं देत नाहींत. आपल्या घरांतील तांब्याच्या पातेल्याला कल्हई करतात ती कशासाठीं? पातेलें पुन्हा चुलीवर चढावें म्हणून. ती झिजेल हें ठाऊक असूनच ती करतात. वार्निशाचेंहि तसेंच. जी गाडी माणसें वाहण्याकरितां झाली तिनें माणसें वाहिलीं नाहींत, तर तिचें लाकूड वांचलें, पण ती स्वतः वांचली असें म्हणवत नाहीं.

आणि येथेंच सर्वांत कठीण प्रसंग येतो. 1929 च्या त्या गाडींत बसणारास बांधणारे पट्टे नव्हते. आज मागच्या बांकावर मुलें बसवावयाचीं, तर पट्टे लावून तिचें मूळ रूप बिघडवावें काय? माझ्या मतें अवश्य बिघडवावें. ती कुटुंबाकरितां केलेली गाडी आहे. तिच्या रूपाशीं इमान राखण्याकरितां कुटुंबाचा जीव धोक्यांत घालणें हें तिच्याशींच बेइमान होणें आहे. कोणी म्हणेल, आज पट्टे, उद्यां नवें एंजिन, मग थांबावयाचें कोठें? बसणाराच्या जिवाकरितां केलेला बदल वेगळा आणि मालकाच्या हौसेकरितां केलेला वेगळा. जुने ब्रेक उशिरां लागतात, म्हणून गाडी सावकाश हांकणें हें तर बदल न करतांहि साधतें. तोहि जीर्णोद्धाराचाच एक भाग समजावा.

या खटाटोपास पुण्य म्हणूं नये. त्याच पैशांत एखाद्याच्या घराचें छप्पर शाकारतां आलें असतें, हें विसरून चालणार नाहीं. हौस ती हौसच. पण तिच्यांतून एक गोष्ट मुलांच्या अंगीं उतरते: आपल्या आधीं दुसऱ्यानें वापरलेली वस्तु सांभाळावयाची, तिचे दोष लपवावयाचे नाहींत, आणि आपल्यामागून येणारासाठीं वहींत पुढची ओळ प्रामाणिकपणें लिहून ठेवावयाची.