कॅमेरा बंद ठेवला तरी चालेल का?

बचत गटातल्या बायकांसाठी आमची कंपनी हिशेबाचं ॲप बनवत होती. मी कोड लिहिणारा. मुलाखती एक सहकारी घ्यायची, मी नोंदी करायला बसायचो. पहिली फेरी व्हिडिओ कॉलवर झाली. एक ताई प्रत्येक प्रश्नाला "सोपं आहे की" म्हणाल्या. पुढच्या फेरीला सातारा जिल्ह्यात त्यांच्या घरी गेलो तेव्हा कळलं, फोन मुलाचा होता. कॉल चालू असताना तोच बाजूला बसून कुठं दाबायचं ते सांगत होता.

म्हणजे प्रत्यक्ष भेटच खरी, विषय संपला, असं मला वाटलं.

२०२० मध्ये कोविडमुळे जगभरच्या संशोधकांना फील्डवर्क स्क्रीनवर आणावं लागलं. डेबोरा लप्टन या समाजशास्त्रज्ञ बाईंनी तर त्यासाठी सगळ्यांनी मिळून भरायचा एक ऑनलाइन दस्तऐवजच सुरू केला. तेव्हापासून वाद बहुतेक एकाच गोष्टीवर ऐकू येतो: माहिती जास्त कशात मिळते? मीही तेच मोजत होतो.

पण त्याच घरात मी आणखी एक नोंद केली होती. कॅलेंडरमागून डोकावणारी फायनान्स कंपनीची नोटीस. ताई त्याबद्दल चकार शब्द बोलल्या नव्हत्या. संमतिपत्रावर त्यांची सही होती ती बोलण्यासाठी, भिंतीसाठी नव्हे. 'मुलाखत कधीही थांबवू शकता' हे आम्ही वाचून दाखवलं होतं खरं. पण ज्यांच्यासाठी शेजारून दूध मागून चहा केला, त्या पाहुण्यांना उठा कसं म्हणायचं? कॉलवर निदान लाल बटण असतं. 'नेट गेलं' म्हणता येतं. (मीही मीटिंगमध्ये म्हणतो.)

दुसऱ्या एक बाई कॅमेरा बंद ठेवून बोलत होत्या. मी लिहून ठेवलं, 'फारसा रस नाही.' दहा मिनिटांनी गच्चीवरून, दबक्या आवाजात, त्यांनी घरच्यांना न सांगता घेतलेल्या कर्जाबद्दल सांगितलं. सासूसमोर, चहाचा कप हातात घेऊन हे निघालं असतं?

तिसऱ्या फेरीत आम्ही त्यांनाच विचारलं: फोन, व्हिडिओ, घर की गटाच्या बैठकीची जागा? मॅनेजर वैतागले. पद्धत एकसारखी नसेल तर उत्तरांची तुलना कशी करणार? मुद्दा बरोबर होता, माझ्याकडे त्याला धड उत्तर नव्हतं. साताऱ्याच्या ताई म्हणाल्या, "घरीच या, पण रविवारी. पोरगा नसतो."

नोटिशीची ओळ मी वहीतून खोडली. मात्र ॲपमधला थकलेल्या हप्त्याचा लाल, मोठ्या अक्षरातला मेसेज नंतर मी साधा केला, तो ती नोटीस आठवूनच. म्हणजे वापरलीच की.