मुंग्यांची जबानी

चिंचवडला पवनेच्या घाटावर, मोरया गोसावींच्या समाधिमंदिराजवळच्या पायऱ्यांवर, रविवारी सायंकाळी माझा पुतण्या येऊन बसला, तेव्हा त्याच्या मुद्रेवर रात्रपाळीच्या शिणाहून निराळे असे काहीतरी होते. चाकणच्या एका कारखान्यात ओतीव भागांच्या कडांना उरलेला जादा धातू ग्राइंडरने घासून काढण्याचे काम तो सहा वर्षे करीत आहे.

“काका, पंधरा दिवस एकच स्वप्न पडते. उजव्या हातावर काळ्या मुंग्यांची रांग चढते आणि मी दचकून उठतो. आईने पंचांग पाहणाऱ्यांना विचारले. मुंगी संचय करते, तेव्हा घरात धन येणार, असे ते म्हणाले. आई तेव्हापासून आनंदात आहे. मला ते पटत नाही आणि तिला तसे सांगवतही नाही.”

मी म्हणालो, “चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात स्वप्ने सात प्रकारची सांगितली आहेत. पाहिलेले, ऐकलेले, अनुभवलेले, इच्छिलेले आणि कल्पिलेले यांतून उद्भवणारी पहिली पाच निष्फळ, असा तेथे निर्वाळा आहे. उरतात ती भावी गोष्टीची सूचक आणि शरीरातील दोषांतून उपजणारी.”

“मग देहूचे काय? तुकोबांना बाबाजी चैतन्यांचा उपदेश झाला तो स्वप्नातच ना? तेही इच्छेचेच स्वप्न म्हणून निष्फळ ठरवायचे?”

या प्रश्नापाशी मी बराच वेळ थांबलो, कारण ज्याच्या उत्तरात श्रद्धेचा अवमान होईल असे शास्त्र मला नको होते आणि ज्यात शास्त्राला गप्प बसावे लागेल अशी श्रद्धाही नको होती. “तुकोबांच्या स्वप्नांची कसोटी त्यांच्या जागृतीत लागली,” मी म्हणालो. “नामदेव पांडुरंगासह स्वप्नात आले आणि त्यांनी कवित्वाचे काम सांगितले. ते काम तुकोबांनी आयुष्यभर केले. त्या स्वप्नाने त्यांच्यावर जबाबदारी टाकली. आयते धन येईल अशी ग्वाही दिली नाही.”

“म्हणजे मुंग्यांचा ठरलेला अर्थ नाहीच?”

“फ्रॉइडने स्वप्नातल्या किड्यामुंग्यांना नकोशा धाकट्या भावंडांचे प्रतीक मानले. तू तर एकुलता एक! कोशातून काढलेला अर्थ ज्याचे स्वप्न त्याची जबानीच घेत नाही. तू तपशील सांग. मुंग्या कोणत्या बोटांवर चढतात?”

त्याने हात पुढे केला. तळव्याला काळे घट्टे पडले होते आणि अंगठ्याच्या मुळाशी असणारा मांसल उंचवटा डाव्या हाताच्या मानाने किंचित खोलावला होता. “अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू. करंगळीवर कधीच नाही. उठून हात झटकला की बरे वाटते.”

मनगटातल्या एका अरुंद बोगद्यातून जाणारी नस नेमक्या याच साडेतीन बोटांना संवेदना पुरविते; करंगळीची नस त्या बोगद्यातून जातच नाही. घट्ट पकड आणि यंत्राची कंपने वर्षानुवर्षे सोसून बोगद्यातली नस दाबली जाते, आणि तिचे दुखणे रात्री अधिक जागे होते. हे सारे त्याला सांगून मी म्हणालो, “वैद्याच्या आधी आपल्या भाषेनेच तुझ्या स्वप्नाचा अर्थ लावून ठेवला आहे. हाताला मुंग्या येतात, असेच आपण म्हणतो ना?”

तो स्तब्ध झाला. मग म्हणाला, “पण आईचा आनंद?”

“ज्या आनंदासाठी तुझा अंगठा निकामी व्हावा तो तिला तरी हवा असेल का? तिला खरे सांग. आज ती मुंग्यांना साखर घालीत असेल तर घालू दे. त्या दयेला शकुनाचा आधार लागत नाही. तू मात्र दवाखाना गाठ. नस किती दाबली आहे ते तपासणीत कळते.”

सोमवारी त्याने रजेचा अर्ज दिला आणि कारणाच्या रकान्यात लिहिले: उजव्या हाताला मुंग्या येतात.