पंखाखाली मावतील तितकीच

शास्त्रपाठ : नीतिसूत्रे १२:१०, लूक १३:१५

आपल्या मंडळ्यांतील पुष्कळ घरांच्या परसात एखादे खुराडे असते. चार कोंबड्यांच्या आठ होतात, आठांच्या वीस होतात, आणि ‘देवाने वाढ दिली’ असे आपण सहज म्हणतो. परंतु प्रत्येक वाढ हा आशीर्वादच असतो काय? मिळतील तितके जीव पाळण्याचा अधिकार आपल्याला आहे काय?

खुडूक कोंबडीकडे पाहिले म्हणजे उत्तर सापडते. अनुभवी गृहिणी तिच्याखाली दहा-बारा अंडी ठेवते, अधिक ठेवीत नाही. कोंबडी दिवसातून कितीतरी वेळा अंडी उलटते, आतली बाहेर व बाहेरची आत सारते. अंडी फार झाली तर पाळीपाळीने प्रत्येक अंडे गारठते, आणि एकविसाव्या दिवशी थोडीच पिले हाती लागतात. चार अंड्यांच्या लोभाने सर्वांचेच नुकसान होते. यरुशलेमेसाठी शोक करताना प्रभूने पिलांना पंखांखाली घेणाऱ्या कोंबडीचाच दाखला दिला (मत्तय २३:३७), हे येथे आठवावे.

खुराड्याचेही असेच आहे. रात्री प्रत्येक कोंबडीला निदान दोन चौरस फूट जागा हवी. दाटी झाली की चोची मारणे, पिसे उपटणे सुरू होते. दुबळीला दाण्यापाशी कोणी येऊ देत नाही. आणि मानमोडी शिरली तर सारे खुराडे रिकामे होते. तिची पहिली लस पिलू आठवड्याचे होते तोच डोळ्यात थेंब टाकून देतात. लस, स्वच्छ पाणी, दाणा, झाडलोट, आणि तिन्हीसांजेला मोजून दार लावणे, एवढे जितक्यांचे नित्य करवेल तितक्याच कोंबड्या आपण पाळाव्या, असे आम्हांला वाटते.

कोणी म्हणेल, ‘कोंबड्याच त्या, उकिरड्यावर जगतील!’ परंतु नीतिमान मनुष्य आपल्या जनावराच्या जिवाला जपतो, असे शास्त्र शिकवते. रानातल्या पाखराला देव पोसतो. ज्याला आपण दाराआड कोंडले, त्याचे पोषण देवाने आपल्याकडे सोपवले आहे.

आणखी एक अवघड गोष्ट. पिलांत साधारण निम्मे नर निघतात, आणि आठ-दहा कोंबड्यांना एक कोंबडा पुरतो. जादा कोंबड्यांचे व अंडी देण्याचे थांबलेल्या म्हातारीचे काय करावे? देवाने नोहाला मांस खाण्याची मोकळीक दिली (उत्पत्ती ९:३), म्हणून विकण्यात वा कापण्यात आम्ही पाप मानीत नाही. मात्र दाणा तोडून त्यांना कुत्र्या-मुंगसांच्या तोंडी सोडणे, आणि वर ‘आमच्याने मारवत नाही’ म्हणणे, ही दया नव्हे. निर्णय आपला आहे. तो वेळेवर घ्यावा, आणि तोवर त्यांचा घास तोडू नये.

रविवारी उपासनेला निघण्यापूर्वी खुराडे उघडून पाणी ठेवावे. शब्बाथ दिवशीही लोक बैलाला सोडून पाण्यावर नेतात, हे प्रभूनेच दाखवून दिले. शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी हा पाठ शिकवताना मुलांना दोन साधे प्रश्न विचारावेत : तुमच्या घरी कोंबड्या किती? आणि आज त्यांचे पाणी कोणी बदलले?