एक बोट ठेवा

सोनोग्राफीच्या खोलीत अंधार आहे. मिरजेची भर दुपार दाराबाहेर राहिली आहे.

तुम्ही उताणे झोपला आहात. गुडघे थोडे वर घ्या. पोट सैल सोडा.

पोटावर गार जेल लागतं. अंग आक्रसतं. आक्रसू द्या.

श्वास घ्या. सोडा.

प्रोब टेकतो. आवाज आत जातो, पण ऐकू येत नाही. माणसाच्या कानाला सेकंदाला वीस हजार कंपनांपर्यंतचंच कळतं. ही कंपनं लाखोंच्या घरातली.

याच गावात तानपुऱ्याची जवारी लावणारे कारागीर सूर खुलेपर्यंत तारेला कान देऊन बसतात. तसेच बसा, फक्त डोळ्यांनी ऐका.

पडद्याकडे बघा. करडं, काळं, करडं. त्यात एक नळी. तुमचं आतडं.

तिची भिंत बघा. पांढरी रेघ, काळी रेघ, पुन्हा पांढरी. एकूण पाच थर. निरोगी असेल तर सगळे मिळून जेमतेम ३ मिलिमीटर.

थांबा.

नळी आकसते. मोकळी होते. पुन्हा आकसते. तुम्ही सांगितलेलं नाही. सकाळपासून उपाशी आहात, तरी तिचं चालूच आहे.

बघत राहा.

मध्येच झगझगीत पांढरा पट्टा येतो. त्यामागचं काही दिसत नाही. तो वायू. आवाज तिथूनच परततो.

डॉक्टर घाई करत नाहीत. प्रोब हळूहळू दाबतात. वायू बाजूला सरकतो. श्वास सोडा, त्या दाबाला जागा द्या.

कुठे भिंत जाड दिसते. कुठे अपेंडिक्स सहा मिलिमीटरहून फुगलेलं असतं, दाबूनही दबत नाही. लहान मुलाचं आतडं आतड्यात शिरलं, तर गोलात गोल दिसतात. तिथं डॉक्टरांचा हात थांबतो.

डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय सुरू केलं, तेव्हा क्ष-किरणांचाही शोध लागायचा होता. पोट ओळखायचं ते हातानं, आणि रुग्णाच्या सांगण्यावरून.

ते सांगणं आजही लागतं.

डोळे मिटा. आत लक्ष द्या.

कळ कुठून उठते? बेंबीपाशी? उजवीकडे, खाली? जेवल्यावर, की पहाटे?

घाई नको. तिला येऊ द्या.

पडद्यावर नळी दिसते, कळ दिसत नाही. ती फक्त तुम्हाला जाणवते.

डॉक्टर विचारतील, तेव्हा पोटभर पंजा फिरवू नका. एक बोट ठेवा. नेमकं तिथंच.