लष्कराच्या भाकऱ्या आणि एक पदक

घरचे खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणारा माणूस आपल्याकडे कौतुकाचा विषय क्वचितच होतो. बहुधा तो चेष्टेचा विषय होतो. पगार नाही, बढती नाही, मग हा दर आठवड्याला जातो तरी कुठे, असा प्रश्न त्याच्या घरातही विचारला जातो आणि आळीतही. अशा माणसांनी किती वर्षे काम केले एवढेच मोजून त्यांना पदक द्यावे, असे एका देशाने एकदा ठरविले. त्या पदकाच्या कथेत एक अवघड नैतिक प्रश्न दडलेला आहे, म्हणून ती येथे मांडावीशी वाटते.

मार्च १९६१ मध्ये ब्रिटनने नागरी संरक्षण पदक सुरू केले. आकार लंबगोल, धातू तांबे व निकेल यांचे मिश्रण, एका बाजूस राणी एलिझाबेथची मुद्रा. ते मिळविण्यासाठी रणांगण गाजवावे लागत नव्हते. पंधरा वर्षांची सलग सेवा हीच अट होती. १९४९ मध्ये उभे राहिलेले नागरी संरक्षण दल, सहायक अग्निशमन सेवा आणि रुग्णालयांची राखीव सेवा यांतील स्वयंसेवक स्त्री-पुरुष हे त्याचे मानकरी. १९५० च्या दशकाच्या मध्यास एकट्या नागरी संरक्षण दलात तीन लाखांहून अधिक लोक होते. दिवसाचे काम आटोपून ते सरावाला जात. ढिगाऱ्याखालून माणूस कसा काढावा, जखमीला शिडीवरून कसे उतरवावे, विटांची चूल मांडून शेकडोंना कसे जेवू घालावे, किरणोत्सर्ग कसा मोजावा, हे सारे ते शिकत आणि नव्यांना शिकवीत.

ज्या रात्रीसाठी ही सारी तयारी चालली होती ती रात्र मात्र आलीच नाही. अणुयुद्ध झाले नाही. मग ही पंधरा वर्षे पाण्यात गेली असे म्हणावे काय?

या प्रश्नाचे सोपे उत्तर आपल्याला ठाऊक आहे. तहान लागल्यावर विहीर खणू नये. आगीचा बंब वर्षभर उभा राहिला म्हणून तो व्यर्थ ठरत नाही. जी आपत्ती टळली तिच्यासाठी केलेली तयारी ही सावधगिरीच होय. हे उत्तर खरे आहे, पण अपुरे आहे. कारण या स्वयंसेवकांवरचा आक्षेप त्याहून गंभीर होता.

कॉव्हेंट्री या शहराने हा आक्षेप सर्वांत स्पष्टपणे मांडला. १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन विमानांनी हे शहर उद्ध्वस्त केले होते आणि त्यात पाचशेहून अधिक माणसे मेली होती. बॉम्बहल्ला म्हणजे काय हे त्या शहराला कोणी शिकवायला नको होते. त्याच कॉव्हेंट्रीच्या नगर परिषदेने १९५४ मध्ये, हायड्रोजन बॉम्बच्या चाचणीनंतर, आपली नागरी संरक्षण समिती बरखास्त करण्याचा निर्णय घेतला. या अस्त्रापुढे शिड्या, दोर आणि मलमपट्ट्या निरर्थक आहेत, असे तिचे म्हणणे होते. सरकारला तेथील काम स्वतःच्या नियुक्त माणसांकडे सोपवावे लागले.

हा आक्षेप मान्य केला, तर ती विहीर तहानेच्या वेळीही कोरडीच राहणार होती. इतकेच नव्हे, तर बचाव शक्य आहे असा खोटा दिलासा देऊन स्वयंसेवक नकळत त्या अस्त्रांच्या राजकारणालाच प्रतिष्ठा देत होते. प्रामाणिक माणसाने चुकीच्या योजनेला पंधरा वर्षे दिली, तर ती निष्ठा आदरणीय की केवळ दयनीय?

मला वाटते, येथे दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. एक, शासनाची योजना; दुसरी, माणसाने दिलेला शब्द. योजना चुकीची असू शकते आणि तिला तसे सांगणे हे कर्तव्य आहे. सेवाभाव आपल्याला विचार करण्यापासून सूट देत नाही. पण स्वयंसेवकाने शब्द दिला होता तो बॉम्बला नव्हे, मंत्र्यालाही नव्हे. शेजाऱ्याला दिला होता. ‘तुझे घर कोसळले तर मी येईन,’ एवढाच त्याचा अर्थ. पूर्वीच्या युद्धात होरपळलेल्या नगरसेवकांनी आपल्या नागरिकांच्या प्रेमापोटी नकार दिला आणि स्वयंसेवकांनी त्याच प्रेमापोटी होकार दिला. दोघांचे मत परस्परविरोधी होते, तळमळ एकच होती.

त्या शब्दाची कसोटी लागली ती एका खाणगावात. २१ ऑक्टोबर १९६६ च्या सकाळी वेल्समधील ॲबरफॅन येथे कोळशाच्या टाकाऊ मातीचा डोंगर घसरून शाळेवर आणि घरांवर आला. १४४ जण मृत्युमुखी पडले. त्यांत ११६ मुले होती. खाणकामगार, पोलीस, अग्निशमन दल यांच्याबरोबर नागरी संरक्षणाची पथकेही त्या चिखलात उतरली. सकाळी अकरानंतर कोणीही जिवंत सापडले नाही. तरी हात थांबले नाहीत. जी विद्या अणुयुद्धासाठी शिकली ती एका शाळेच्या ढिगाऱ्यावर उपयोगी पडली, आणि तिथेही यश तिच्या हाती नव्हते. हाती होते ते फक्त येणे.

मग अशा सेवेला पदक द्यावे काय? उजव्या हाताचे दान डाव्या हाताला कळू नये, या शिकवणीत वाढलेले आपले मन थोडे कचरते. शिवाय वर्षांचा हिशेब निष्ठुर असतो. काटकसरीचा उपाय म्हणून १९६८ मध्ये सरकारने नागरी संरक्षण दलच बंद केले. केवळ या दलातील वर्षे धरली, तर १९५४ मध्ये आलेल्या माणसाची चौदाच भरली होती. पंधरा वर्षांवाल्याहून त्याची निष्ठा कमी होती असे कोण म्हणेल?

म्हणून पदकाला मोबदला मानू नये. ती पोच आहे. सेवा करणाऱ्याला तिची गरज नसेल, पण सेवा घेणाऱ्या समाजाला असते. आपल्यासाठी कोणीतरी जागे होते, हे कबूल करण्याची सवय समाजाला लागावी लागते. अन्यथा संकट न आलेल्या वर्षांत तो आपल्या पहारेकऱ्यांना प्रथम हसतो आणि मग विसरतो.

योगायोग असा, की ब्रिटनने दल मोडले त्याच १९६८ साली भारतात नागरी संरक्षण कायदा झाला. डिसेंबर १९७१ मधील मुंबईचा ब्लॅकआऊट ज्यांनी पाहिला, त्यांना खिडक्यांवर चिकटविलेला काळा कागद आठवत असेल आणि फटीतून उजेड दिसताच खालून आलेली हाकही आठवत असेल. त्या हाकेचा तेव्हा रागच आला असेल. हाक मारणारा मात्र बिनपगारी होता, आणि त्याच्याही घरात त्या वेळी अंधारच होता.

आजही प्रत्येक गावात अशी दोन-चार माणसे असतात. त्यांना पदक देणे आपल्या हाती नाही. पण ‘तुला काय मिळते यातून?’ हा प्रश्न त्यांना न विचारणे आपल्या हाती आहे; आणि पुढच्या वेळी ती सरावाला निघतील तेव्हा त्यांच्याबरोबर जाणेही.